सरवा

गोकुळ शिरगावला आइस्क्रीमच्या कारखान्यात
रात्री दहानंतर एक खोली आम्हाला भाड्यानं मिळायची,
उणे अठ्ठावीस.
बाहेर गुऱ्हाळांचा धूर, चिपाडाचा वास,
आत आम्ही तिघं, माकडटोप्या घालून,
बटरस्कॉचच्या खोक्यांना टेकून
एका कॉम्प्रेसरकडं बघत बसलेलो.

तो जाणार होता उत्तरेकडं,
बर्फातून धावणाऱ्या गाडीच्या डब्याखाली.
रसवंतीवरचा सोडला
तर बर्फ आमच्यात कुणीच पाहिला नव्हता.

पहिल्याच रात्री दस्तगीर मुजावरनी विचारलं,
"मॅडम, एवढ्या गारठ्यात ऊब आणायची कुठनं?"
हवेतनंच, म्हटलं.
उणे पंचवीसच्या हवेतही असते ऊब,
थोडी, विखुरलेली.
वायूनं ती गोळा करायची, मग त्याला दाबायचं,
दाबला की तापतो,
ते तापणं डब्यात सोडायचं.
जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले,
"म्हंजे सरवा."

त्यांची आई जायची कागलकडं,
भुईमूग निघाल्यावर, दुसऱ्याच्या रानात,
दिवसभर ढेकळं उकरायची,
दिवस बुडेतो ओटीभर शेंगा.
"शेंगा असत्यात वो. वाकाय पायजे."

आत दोन चकल्या.
शॉपवर सगळे चकलीच म्हणतात.
एक घट्ट बसवलेली, दुसरी तिच्यात अडकून फिरते,
स्वतःभोवती नाही,
तवा पुसणारा हात फिरतो तशी.
दोघींमधली फट इतकी की
केस घालावा म्हटलं तर केसच जाड.

पहिलं यंत्र बावीस मिनिटं चाललं.
थंडीत वायू विरळ येतो,
भूक मोठी, घास लहान,
दाबता दाबता पारा एकशे चाळीसच्या वर.
उघडलं तर तेल काळं, चकलीवर चरे.
दुसरं सुरूच झालं नाही,
रात्रभरात तेलाची काकवी झाली होती.
तिसऱ्याबद्दल मी बोलत नाही.

उपाय कागदावर सोपा होता:
अर्ध्या वाटेवर एक भोक, तीन मिलिमीटर,
त्यातून थोडी गार वाफ आत सोडायची,
म्हणजे वायू भरतोही आणि निवतोही.
भोक कुठं, एवढंच.
अलीकडं पडलं तर वाफ मागं पळते,
पलीकडं पडलं तर शिरतच नाही.

माझ्या गणितानं जागा दिली.
दस्तगीरनी चकलीला निळं फासलं,
अंगठ्यानं हळूहळू फिरवत बसले,
दुपारचा डबा तसाच.
मग म्हणाले, "इथं न्हाई. अकरा अंश फुडं."
मी हसले असेन थोडी.
घरी जाऊन पुन्हा मांडलं.
भिंतीची जाडी मी जुन्या ड्रॉइंगवरून घेतली होती.

अहवालात लिहिलं:
सुधारित गणनेनुसार छिद्राचे स्थान बदलले.
खाली माझी सही.
शेंग उचलली.
वाकले नाही.

काल वरून आकडे आले.
पहाटे चार दहा, बाहेर उणे तेवीस,
डबा क्रमांक सात, आत एकोणीस,
कॉम्प्रेसर अखंड चालू.
दस्तगीर आता घरीच असतात, उद्यमनगरच्या मागं,
पत्र्याच्या शेडात, एका लेथवर.
फोन करून सगळं वाचून दाखवलं,
अहवालाचंही सांगितलं, ते वाक्य, ती सही.

पलीकडं ग्राइंडर चालू होता.
तो बंद झाला.
"एकोणीस म्हंजे
निजली हुती का माणसं?"

मी कागद उलटसुलट केला.
माहीत नाही, म्हटलं.

"मग इचारा की,"
आणि ग्राइंडर पुन्हा सुरू.